‘अल्ब्युमिन नाही’ आणि तरीही ७४: दोन्ही रिपोर्ट खरे कसे?

तुम्ही जे विचारले आहे ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला ते बरोबर समजले आहे की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. तुमचे वय ५२ आहे, मधुमेह ९ वर्षांपासून आहे आणि रक्तदाब, तुमच्याच शब्दांत, ‘थोडा वरच’ असतो. नवरात्रात अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घराजवळच्या लॅबमध्ये वार्षिक तपासण्या करवून घेतल्या. नेहमीच्या युरिन रुटीनमध्ये ‘अल्ब्युमिन: नाही’ असे आले, पण त्याच नमुन्यावर, डॉक्टरांनी यंदा प्रथमच लिहून दिलेल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा आकडा ७४ आला. रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९, म्हणजे छापील मर्यादेच्या आत. दोन आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तेच गुणोत्तर २२ आले. वडिलांची शेवटची वर्षे डायलिसिसवर गेली असल्यामुळे तुमची झोप उडाली आहे, आणि या दोन लॅबपैकी खोटी कोणती, चोवीस तासांची लघवी गोळा करून एकदाचा निकाल लावावा का, असे तुम्ही विचारता.

मी बडोद्यात २६ वर्षे पॅथॉलॉजीची लॅब चालवते. मी उपचार करणारी नव्हे, तपासणारी डॉक्टर आहे. त्यामुळे औषधांबद्दल खाली जे येईल ते तुमच्या फिजिशियनशी बोलताना हाताशी असावे इतक्यापुरतेच धरावे. तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून मला तरी कोणतीच लॅब खोटी दिसत नाही. मुळात प्रश्न लॅबचा नाहीच. तुमच्या मूत्रपिंडांची गाळणी झिरपू लागली आहे का, आणि ते ठरवण्यासाठी कसे घेतलेले किती नमुने लागतात, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आज तुमच्या हातातल्या दोन कागदांवरून देता येत नाही, हे मी आधीच कबूल करते.

गाळणीचे काम समजण्यासाठी श्रीखंडासाठी टांगलेला चक्का आठवा. पंचा घट्ट विणीचा असेल तर खाली फक्त नितळ पाणी ठिबकते आणि दह्याचा घट्ट भाग वर राहतो. तोच पंचा वापरून विरळ झाला की पाण्याला किंचित पांढुरकी झाक येऊ लागते, जी पहिल्या दिवशी डोळ्यांना कळतही नाही. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, ज्यातला बहुतेक सगळा परत शोषला जाऊन दीड-दोन लिटर लघवी उरते. अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या लघवीत ते दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी जाते. मधुमेहाने किंवा वाढलेल्या रक्तदाबाने गाळणीची वीण सैल होऊ लागली की हा आकडा वर सरकतो, आणि तो सरकू लागतो तेव्हा माणसाला काहीही होत नसते: सूज नाही, थकवा नाही, लघवी कमी नाही. फेसाबद्दल मला पुष्कळजण विचारतात, पण जोराने पडलेल्या धारेलाही फेस येतो आणि शौचालय धुण्याच्या द्रवामुळेही येतो, म्हणून नुसत्या फेसावरून मी कोणाला घाबरवत नाही आणि फेस नाही म्हणून कोणाला निश्चिंतही करत नाही.

आता ‘नाही’ आणि ‘७४’ यांचा मेळ कसा बसतो ते पाहू. युरिन रुटीनमध्ये वापरली जाणारी स्ट्रिप म्हणजे रंग बदलणारा कागद आहे. प्रथिन भेटले की तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवट होतो. पण तो हिरवट दिसण्यासाठी लघवीत लिटरमागे साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असावे लागते. तुमच्या पहिल्या रिपोर्टच्या खालच्या ओळींत अल्ब्युमिन लिटरमागे ८१ मिलिग्रॅम आहे. स्ट्रिपला ते दिसणे शक्यच नव्हते. तेव्हा स्ट्रिपने ‘नाही’ म्हटले याचा अर्थ ‘मला दिसेल इतके नाही’ एवढाच होतो. आमच्या रिपोर्टच्या नमुन्यात हे वाक्य छापायला जागा नसते, ही आमच्या व्यवसायाची उणीव आहे.

आम्ही बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकत होतो तेव्हा वॉर्डाशेजारच्या खोलीत स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळीचा वरचा भाग उकळून लघवी गढूळ होते का ते पाहायला शिकवले जाई, आणि मग ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकत, कारण नुसत्या फॉस्फेटने आलेला गढूळपणा त्यात विरघळतो आणि प्रथिनाचा राहतो. या युक्तीचे मूळ बरेच जुने आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सुजलेले रुग्ण, त्यांची उष्णतेने साकळणारी लघवी आणि मृत्यूनंतर दिसलेली खराब मूत्रपिंडे यांचा संबंध मांडला. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरणे एवढीच त्यांची सामग्री. पण चमचा काय किंवा स्ट्रिप काय, दोन्हींना दिसते ती बरीच पुढे गेलेली गळती. त्याच हॉस्पिटलमधील हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ साली अगदी थोडे अल्ब्युमिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९८०च्या दशकात कळले की ज्या मधुमेही रुग्णांची स्ट्रिप कोरी असते पण या बारीक मोजणीत अल्ब्युमिन वाढलेले असते, त्यांना पुढे मूत्रपिंडाचा विकार होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. त्यावरून ‘मायक्रोअल्ब्युमिन’ हा शब्द रूढ झाला. तो शब्द मला कधीच आवडला नाही, कारण पुष्कळ रुग्णांना वाटते की हे अल्ब्युमिनचे काही लहान आकाराचे भावंड आहे. वास्तविक अल्ब्युमिन तेच असते, फक्त प्रमाण थोडे असते.

मग नुसते अल्ब्युमिन न मोजता क्रिएटिनिनशी गुणोत्तर कशाला? क्रिएटिनिन लघवीत दिवसभर साधारण सारख्याच गतीने येते, म्हणून त्याने भागले की लघवी पातळ आहे की घट्ट हा फरक निघून जातो. हे बडोद्याच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला पटकन पटावे. समजा एका माणसाने येण्याआधी दोन तांबे पाणी प्यायले. त्याच्या पातळ लघवीत अल्ब्युमिन लिटरमागे १२ मिलिग्रॅम आहे, दिसायला अगदी किरकोळ. पण क्रिएटिनिन लिटरमागे अवघे पाव ग्रॅम आहे, म्हणून गुणोत्तर येते ४८. दुसरा माणूस मे महिन्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून घामाघूम होऊन आला आहे. त्याच्या घट्ट लघवीत अल्ब्युमिन ४० मिलिग्रॅम आहे, पहिल्याच्या तिपटीहून अधिक. पण क्रिएटिनिन लिटरमागे २ ग्रॅम आहे, म्हणून गुणोत्तर फक्त २०. गळती पहिल्याची आहे, दुसऱ्याची नाही. नुसत्या अल्ब्युमिनवर भरवसा ठेवला असता तर आपण बरोबर उलटा निष्कर्ष काढला असता. तुमच्या बाबतीत ८१ ला १.१ ने भागले, कारण क्रिएटिनिन लिटरमागे १.१ ग्रॅम होते, आणि ७४ आले. म्हणून रिपोर्टमध्ये केवळ ‘युरिन मायक्रोअल्ब्युमिन’ असा एकच आकडा असेल आणि शेजारी क्रिएटिनिन नसेल, तर लॅबला गुणोत्तर मागावे. त्यासाठी पुन्हा लघवी द्यावी लागेलच असे नाही, त्याच दिवशी विचारले तर नमुना बहुधा ठेवलेला असतो.

या गुणोत्तराचीही एक मर्यादा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. त्यामुळे कृश वृद्ध स्त्रीचे गुणोत्तर खऱ्या गळतीपेक्षा जास्त दिसू शकते आणि आखाड्यात घुमणाऱ्या पैलवानाचे कमी. तुमची शरीरयष्टी मध्यम आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तुमच्यापुरता हा मुद्दा सोडून देता येईल.

मिलिग्रॅम प्रति ग्रॅम या एककात ३० पेक्षा कमी म्हणजे सर्वसाधारण, ३० ते ३०० म्हणजे मध्यम वाढलेले, आणि ३०० च्या वर म्हणजे बरेच वाढलेले, अशी विभागणी आहे. एकक मात्र नीट पाहावे. मागे एक बाई आपल्या सासूबाईंचा इंग्लंडमधला रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, त्यात ६.८ आकडा होता, आणि ‘इथे ३० पर्यंत चालते, मग हे उत्तमच की’ असे म्हणून घरात सगळे निर्धास्त होते. तिकडे मिलिग्रॅम प्रति मिलिमोल मोजतात आणि तिथली मर्यादा ३ आहे. आपल्या एककात आणायला सुमारे ८.८४ ने गुणावे लागते, ते ६.८ म्हणजे आपले ६० झाले.

आता ७४ आणि २२. अल्ब्युमिनची गळती एकाच माणसात दिवसागणिक बदलते. रोज नमुना घेतला तर एखाद्या दिवशीचा आकडा आदल्या दिवसाच्या दीडपट येणे किंवा निम्म्यावर येणे यात नवल नाही. त्याशिवाय काही गोष्टी तो तात्पुरता वाढवतात: ताप, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, खूप चढलेली साखर, खूप चढलेला रक्तदाब, हृदय अशक्त होऊन साचलेले पाणी, स्त्रियांची मासिक पाळी, आणि गेल्या चोवीस तासांतला जोराचा व्यायाम. तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओघात येऊन गेले आहे, की अष्टमीच्या रात्री तुम्ही बारापर्यंत गरबा खेळलात. माझ्या दृष्टीने तुमच्या साऱ्या मजकुरात तेच वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. नऊ रात्री चार-चार तास फेर धरणे हा व्यायामच आहे, आणि बडोद्यात नवरात्राच्या आठवड्यात आलेल्या अशा आकड्यांकडे मी गेली कित्येक वर्षे जपूनच पाहते. माझ्या लॅबमध्ये तर त्या दिवसांत नमुना घेणारी मुलगी आधी विचारते, ‘काल गरबा रमायला (खेळायला) गेला होतात का?’

पण म्हणून ७४ हा आकडा केराच्या टोपलीत टाकावा असे माझे म्हणणे नाही. लोक बहुधा इथेच चुकतात; वाईट आकड्याला कारण सापडले की तो रद्द झाला असे मानतात. ज्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा पंचविशीतल्या मुलाचे गरब्यानंतरचे ७४ मी फारसे मनावर घेणार नाही. तुमच्याकडे ९ वर्षांचा मधुमेह आहे, वरचा रक्तदाब आहे, घरात डायलिसिसचा इतिहास आहे, आणि ही तपासणी या ९ वर्षांत एकदाही झालेली नाही. शिवाय २२ हा आकडाही ३० च्या आत असला तरी अगदी तळाला नाही. त्यामुळे गरब्यामुळे आकडा फुगला असण्याची शक्यता आणि गळती खरोखरच सुरू झाली असण्याची शक्यता, या दोन्ही आज उभ्या आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्याही असू शकतात. यावर ठरलेला मार्ग असा आहे की तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी निदान दोन वाढलेले आले, तरच गळती पक्की मानायची. तुमचा एक वर आहे, एक खाली आहे. तिसरा बाकी आहे, आणि पहिला गरब्याच्या रात्रीनंतरचा असल्यामुळे मी तर चौथाही सुचवीन.

क्रिएटिनिन ०.९ आहे म्हणून काळजीचे कारण नाही, असे तुम्हाला घरी कोणीतरी सांगितले आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. मूत्रपिंडांची साठवलेली ताकद मोठी असते. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या जास्त काम ओढतात, आणि त्यामुळे एकूण कार्यक्षमता जवळजवळ निम्मी होईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन छापील मर्यादेच्या आतच राहू शकते. मधुमेहात तर सुरुवातीच्या काळात गाळण्याचा वेग उलट वाढतो, म्हणजे क्रिएटिनिन जास्तच ‘चांगले’ दिसते. त्यात वय आणि लिंग यांचा फरक असतो. तुमचे वय, पुरुष असणे आणि ०.९ हा आकडा २०२१ च्या सुधारित सूत्रात घातला तर गाळण्याचा अंदाजी वेग, ज्याला रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्हणतात, सुमारे १०३ येतो, तो चांगला आहे. पण तेच ०.९ एखाद्या ६८ वर्षांच्या बाईंचे असते तर तो वेग ७० च्या आसपास आला असता, आणि दोघांच्याही रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असेच छापले गेले असते. म्हणून ईजीएफआर आणि लघवीतले गुणोत्तर या दोन वेगळ्या बाजू आहेत, एकीवरून दुसरी सांगता येत नाही. उलट प्रकारही दिसतो: काही मधुमेहींची लघवी स्वच्छ राहते आणि ईजीएफआर मात्र उतरत जातो. त्यामुळे दरवर्षी दोन्ही पाहावे लागतात.

हे मी थोड्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. लॅब सुरू करून काही वर्षे झाली होती तेव्हा एक गणिताचे शिक्षक दर सहा महिन्यांनी साखर, क्रिएटिनिन आणि युरिन रुटीन करायला येत. त्यांचे सगळे रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे लावलेले असत. सलग सात वर्षे ‘अल्ब्युमिन: नाही’. मग एकदा त्यांच्या स्ट्रिपचा चौकोन एकदम गडद हिरवा झाला, तीन प्लस, म्हणजे भरपूर प्रथिन, आणि पायांवर सूज होती. त्यांनी मला विचारले, ‘मागच्या वेळेपर्यंत काहीच नव्हते, मग सहा महिन्यांत एवढे कसे?’ सहा महिन्यांत झाले नव्हते. बरीच वर्षे हळूहळू होत आले होते आणि आमची स्ट्रिप ते पाहू शकत नव्हती. गुणोत्तराची तपासणी त्या वेळी उपलब्ध होती, त्यांच्या डॉक्टरांनी लिहिली नव्हती आणि मी सुचवली नव्हती. तपासणी सुचवणे माझे काम नाही असे मी तेव्हा मानत असे. त्यानंतर मधुमेही रुग्णाच्या युरिन रुटीनखाली ‘स्ट्रिपवर न दिसणारे अल्ब्युमिन पाहण्यासाठी गुणोत्तर करावे’ अशी ओळ मी छापायला लागले. काही डॉक्टरांना ते लॅबने तपासण्या वाढवून घेणे वाटले, आणि त्यांचे तसे वाटणे मी समजू शकते.

आतापर्यंतचे इतके लक्षात ठेवले तरी पुरे: स्ट्रिप कोरी असणे ही हमी नव्हे, क्रिएटिनिन ठीक असणे हीही हमी नव्हे, आणि एक वाढलेला आकडा हाही निकाल नव्हे.

तिसरा नमुना मी उत्तरायणाच्या आसपास द्यायला सांगीन, म्हणजे पहिल्यापासून तीन महिने होतात. मूत्रपिंडाचा विकार ‘दीर्घकालीन’ म्हणण्यासाठीही दोष निदान तीन महिने टिकलेला असावा लागतो. मात्र पतंग उडवायला दोन दिवस गच्चीवर उन्हात काढल्यावर लगेच येऊ नका. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सर्वांत भरवशाची, कारण उभे राहण्या-चालण्यामुळे काहींची गळती दिवसा वाढते, विशेषतः तरुण मुलांची. रात्रभर आडवे राहिल्यावरचा नमुना त्या फरकापासून मुक्त असतो. तुमचा दुसरा नमुना सकाळी अकराचा होता, तो चुकीचा नव्हे, पण तुलना करायची तर दरवेळी सारखीच वेळ असावी. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यावी. आकडा चांगला यावा म्हणून पहाटे उठून पाणी पिऊ नये. गुणोत्तरात त्याचा फायदाही होत नाही. आदल्या दिवशी जिम, लांब सायकल, कमाटीबागेतल्या पाच फेऱ्या, हे सगळे टाळावे. त्या आठवड्यात ताप, लघवीला जळजळ किंवा सर्दी-खोकला झाला असेल तर तारीख सरळ पुढे ढकलावी. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोहोचावा, आणि ते जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नव्हे.

आणि डबी लॅबची घ्यावी. मला लोणच्याच्या बरणीत, अत्तराच्या बाटलीत, मुलाच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नमुने आलेले आहेत; त्या शेवटच्या बाटलीतल्या नमुन्यात साखर भरपूर निघाली, आणि ती रुग्णाची नव्हती.

चोवीस तासांच्या लघवीबद्दल माझे मत असे आहे की तुमच्यासाठी तिची आज गरज नाही. ऐकायला ती तपासणी सर्वांत पक्की वाटते, पण पाच लिटरचा कॅन घेऊन दिवसभर घरात राहणे कोणाला जमत नाही. एखादी वेळ शौचालयात जाते, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची असते ती लोक गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशीची घ्यायची ती विसरतात. नमुना अपुरा आहे हे आम्हाला क्रिएटिनिनवरून कळते: साठ किलोच्या पुरुषाच्या चोवीस तासांच्या लघवीत साधारण एक ग्रॅमच्या आसपास क्रिएटिनिन अपेक्षित असते, तिथे ४०० मिलिग्रॅम आले तर निम्मी लघवी कुठेतरी राहिली हे उघड आहे. गळती फार मोठी असेल, शरीरयष्टी फार वेगळी असेल किंवा किडनीतज्ज्ञांना काही नेमके ठरवायचे असेल, तेव्हा ती करतात. प्राथमिक शोधासाठी सकाळचे गुणोत्तर पुरेसे आहे.

तिसरा आणि चौथा नमुना ३० च्या आत आला, तर वर्षातून एकदा हीच तपासणी करत राहावे. टाइप २ मधुमेहात ती निदान झाले त्याच वर्षापासून सुरू करायची असते, कारण साखर कळायच्या आधी किती वर्षे वाढलेली होती हे कोणालाच सांगता येत नाही. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांनी. तुमचे ९ वर्षांचे राहिले, ते आता भरून निघणार नाही, पण यापुढे चुकवू नये. दोन नमुने वर आले, तर ती घाबरण्याची नव्हे, पण हालचाल करण्याची वेळ आहे, आणि ती वेळ लवकर सापडावी म्हणूनच हा सगळा खटाटोप असतो. या टप्प्यावर गळती कमी होऊ शकते, काहींची पूर्ववतही होते. तीन प्लसच्या टप्प्यावर तसे म्हणण्याची सोय फारशी राहत नाही.

औषधांचे तुमचे डॉक्टर ठरवतील. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही गट गाळणीवरचा दाब खास करून उतरवतात. २००१ साली लोसार्टन आणि इर्बेसार्टन यांच्या मोठ्या चाचण्यांनी टाइप २ मधुमेहात त्यांनी मूत्रपिंडाचा विकार मंदावतो हे दाखवून दिले, आणि २०१९ पासून कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या नव्या गटाच्या गोळ्यांनीही मूत्रपिंडे जपली जातात हे सिद्ध होत गेले. लॅबच्या बाजूने मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिल्या गटाची गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहतात. तेव्हा क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसले, अगदी ३० टक्क्यांपर्यंत, तरी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि दुसऱ्या गटाची गोळी सुरू असताना लघवीच्या स्ट्रिपवर साखर तीन-चार प्लस येणारच, कारण ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते. दर महिन्याला एकतरी माणूस तो रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा माझ्याकडे येतो.

गोळ्यांइतकेच महत्त्व मिठाला आहे, आणि इथे आपण बडोदेकर कच्चे आहोत. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा आहे. सेव-उसळीची एक थाळी, वर शेव आणि बाजूला पापड-लोणचे झाले की ती त्यातली बरीच खाऊन टाकते. गुडघ्यासाठी तुम्ही मधूनमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेता असे लिहिले आहे. ते आधी डॉक्टरांना सांगा. कोणी ‘किडनी साफ करणारे’ भस्म सुचवले तर त्यात कोणते धातू आहेत हे विचारा आणि उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका.

सगळीच गळती मधुमेहाची असते असे नाही, हेही सांगायला हवे. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत तांबड्या पेशी दिसत असतील, विशेषतः वेड्यावाकड्या आकाराच्या, किंवा गुणोत्तर काही महिन्यांत एकदम चढले असेल, किंवा मधुमेह जुना असूनही डोळ्यांच्या पडद्यावर त्याची काहीच खूण नसेल, तर किडनीतज्ज्ञ दुसऱ्या आजारांचा शोध घेतात. म्हणून तिसऱ्या नमुन्याच्या वेळी युरिन रुटीनही करा आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तुमच्या पत्रात डोळ्यांचा उल्लेख कुठेच नाही. अल्ब्युमिनची गळती ही शरीरातल्या सगळ्याच बारीक रक्तवाहिन्यांची खबर असते. मधुमेहाचे संशोधक मोगेन्सेन यांनी १९८४ साली डेन्मार्कमधून जे प्रसिद्ध केले त्यात अशा रुग्णांत लवकर मृत्यूचे प्रमाणही जास्त दिसले होते, आणि अशा मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. त्यामुळे गळती पक्की झाली तर ईसीजी आणि कोलेस्टेरॉल यांचाही विषय निघेल, त्याने दचकू नका.

वडिलांचा आजार तुम्हाला येणारच का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. त्यांना डायलिसिस कशामुळे लागले हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्यावर बरेच अवलंबून आहे: मधुमेहामुळे असेल तर तुमचा धोका थोडा अधिक आहे, पण नशिबात लिहिलेला नाही, मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल तर तो सोनोग्राफीत दिसतो आणि मग तुमच्या भावंडांचीही सोनोग्राफी करावी लागेल. त्यांचे जुने कागद घरात असतील तर शोधा. तुमच्या धाकट्या भावाला रक्तदाब आहे असे लिहिले आहे. त्यानेही हे गुणोत्तर एकदा करून घ्यावे. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना प्रत्येक रिपोर्टच्या मागे पेनने लिहून न्या की नमुना किती वाजता दिला, आदल्या दिवशी काय केले, ताप होता का. ७४ च्या मागे ‘अष्टमी, बारापर्यंत गरबा’ असे आजच लिहून ठेवा.